रेवडी फाटकाशी अडते

मेहरूण, जळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन चालत नाही आणि नातवाने ओरडून सांगितलेलं तुला अर्धंच पटतं, म्हणून धुळ्याच्या पत्त्यावर कागदच पाठवतो. इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे एक सोडून.

सारंगखेड्याच्या यात्रेतून मी नातीसाठी, आपल्या कुंदनच्या किरणसाठी एक लहानखुरी घोडी आणली, हे तुला कळलंच असेल. नाव रेवडी. पोर अकरा वर्षांची, घोडीही तिच्या मापाची. पहिले पंधरा दिवस सोन्यासारखे गेले. किरण रोज संध्याकाळी तलावापर्यंत फेरी मारून यायची. मग घोडीच्या अंगात काय शिरलं कळत नाही. पोटाखालचा तंग आवळायला घेतला की कान मागे टाकते आणि माझ्या दंडाला चावते. फाटकाशी आली की खिळा ठोकल्यासारखी उभी. आणि दुडकी चाल धरली की पाठ उसळवते. परवा किरण तिच्या मानेवरून पुढे गेली आणि डाव्या मनगटावर पडली. प्लास्टर घातलं आहे, हाड जुळेल म्हणतात.

कुंदनने सांगून टाकलं आहे, पाडव्यापर्यंत घोडी सुधारली तर ठीक, नाहीतर विकायची. पाचोऱ्याचा एक वरातवाला टपूनच आहे. मी खोगीर त्याच्याकडूनच जुनं घेतलं होतं. तो म्हणतो काटेरी लगाम चढवा, आठ दिवसांत सरळ होते. खायला मी काही कमी करत नाही, दोन्ही वेळा पाटीभर हरभरा देतो. तरी ही तऱ्हा. वडिलांच्या टांग्याच्या घोड्याजवळ तू जास्त असायचीस, म्हणून विचारतो.

भाऊ लहान आहे एवढं ध्यानात ठेवून रागावावं.
तुझा अभिमन

धुळे
१९ जानेवारी २०२५

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. किरणच्या हाताचं वाचून जीव कळवळला. तिला दूध दे आणि तू थोडा कमी बोल.

अरे, घोडी म्हणजे तू जन्मभर चालवलीस ती एसटी नव्हे, की ब्रेकवर पाय दाबला आणि थांबली. तू पाटीभर हरभरा घालतोस आणि दिवसभर ठाणावर बांधून ठेवतोस, तर ती उड्या मारणार नाही तर काय भजन करणार? हरभरा मूठभर कर. कडबा, गवत भरपूर दे आणि मागच्या वाड्यात मोकळी सोड.

पण ते नंतर. आधी खोगीर काढ आणि तिच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत खांद्यापासून मागे जा. कुठे कातडी थरथरली, कुठे तिने पाठ खाली घेतली, तर तिथे दुखतंय. ते खोगीर वरातीच्या मोठ्या घोड्याचं, या चिमुरडीला कसं बसेल? तोंडही बघून घे. तिला जनावरांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कोणाला वर बसवू नकोस. तंग एका दमात ओढू नकोस, आधी सैल, चार पावलं चालव, मग एक भोक. काटेरी लगामाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. वरातवाल्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

माझे गुडघे ठीक. ऐकशील अशी आशा धरून आहे, सवय नसली तरी.
अक्का

मेहरूण
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

लिहायला हात उचलत नाही. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. वाचलं आणि मनात म्हटलं, अक्काला घोडं बघून साठ वर्षं झाली, तिला काय कळतंय. बोटं दाबून पाहिली नाहीत. लगाम आणला.

मागच्या मंगळवारी कुंदन कामावर गेल्यावर तो चढवला आणि मी स्वतः वर बसलो. फाटकाशी ती नेहमीसारखी अडली. मी लगाम खेचला. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली, अक्का, मी मान धरली म्हणून वाचलो. रागाने अजून खेचला. उतरलो तेव्हा तिच्या तोंडचा फेस गुलाबी झाला होता.

किरण ओट्यावर उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. खाली आली, प्लास्टरचा हात छातीशी धरून एका हाताने लगाम सोडवला. घोडी तिला चावली नाही. माझ्याकडे बघून पोरगी एवढंच म्हणाली, की आबा, तिले दुखस. त्यानंतर आज सहा दिवस झाले, माझ्याशी एक शब्द नाही. ताट वाढून ठेवते, चष्मा शोधून देते, पण बोलत नाही. कुंदनला तिने काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काय करू ते कळव. रागवायचं तेवढं रागव.
अभिमन

धुळे
९ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन यास,
आशीर्वाद.

रागावणार होते. दोन कागद फाडले. मग ठरवलं की तुला एक गोष्ट सांगावी, जी मी वडिलांना सांगितली नाही, तुझ्या भाऊजींना सांगितली नाही.

आपला टांग्याचा घोडा राजा तुला नीट आठवत नसेल, तू पाच वर्षांचा होतास. मी दहाची. त्याला खरारा मीच करायचे, चोरून, कारण मुलीच्या जातीने घोड्याच्या पायांत जाऊ नये असं वडिलांचं म्हणणं. एकदा मानेच्या पट्ट्याखाली मला गाठ लागली. हात लावला तर राजा शहारला. मी सांगितलं नाही. सांगितलं तर तुला कसं कळलं म्हणतील आणि माझं तबेल्यात जाणं बंद होईल, ही भीती. दोन दिवसांनी धुळे स्टेशनाच्या रस्त्यावर राजा चढाला अडला. वडिलांनी लोकांदेखत चाबूक ओढला आणि तो रस्त्यात बसला. त्याच आठवड्यात अडेल घोडा म्हणून त्याला विकला. वडील वाईट नव्हते, त्यांना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

म्हणून तुझी किरण माझ्यापेक्षा मोठी आहे. तिने तिथल्या तिथे सांगितलं.

आता तिची मनधरणी करत बसू नकोस. खाऊ आणू नकोस, ती लाच होईल. घोडीचं बघ. डॉक्टर आण, तो सांगेल ते कर, आणि ते रोज कर. पोरीला दिसतं सगळं.

तू वाईट आहेस असं मी समजत नाही. पण पाडव्यापर्यंत सुधारायचं आहे ते तुला, घोडीला नव्हे.
अक्का

मेहरूण
२ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डॉ. पियुष म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत, ते येऊन गेले. त्यांनी तोंड उघडून बॅटरीने दाखवलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झालेल्या, दोन्ही गालांना आतून जखमा, आणि वर माझ्या लगामाची. दाढा कानशीने घासल्या. पाठीवर खोगिराखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढी सूज. बोटं लावली असती तर ती मला अंधारातही सापडली असती. सूज उतरेपर्यंत पाठीवर काही ठेवायचं नाही असं सांगून गेले. फाटकाबाहेर गेलं की दुखायला लागतं, एवढं तिने ओळखलं होतं. अडेल कसली, शहाणी आहे.

सूज उतरली. पण गेल्या आठवड्यात नुसती गोधडी पाठीवर टाकली तरी तिने दात दाखवले. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुखणं गेलं, आठवण जायची आहे, तिला घाई करू नका. म्हणून रोज सकाळी गोधडी टाकतो, मान खाजवतो, काढतो. पुन्हा टाकतो. कधी वीस वेळा. काल तंग सैल बांधला, चालवलं, सोडला. चावली नाही, नुसतं वळून बघितलं.

किरणचं प्लास्टर निघालं. ती ओट्यावर पुस्तक घेऊन बसते, पान उलटत नाही. अजून बोलत नाही. वरातवाला दोनदा येऊन गेला, कुंदनला भेटला.

आशीर्वाद असू दे, घोडीलाही थोडा दे.
अभिमन

मेहरूण
२ एप्रिल २०२५

ती. अक्काआजीस,
साष्टांग नमस्कार.

मी किरण. यावेळी मी लिहिते, कारण आबा नीट सांगणार नाहीत.

पाडव्याला गुढी उभारल्यावर पप्पा म्हणाले, आज काय ते दाखवा. पाचोऱ्याचे वरातवाले काकाही दोरी घेऊन आले होते. आबांनी नवीन गादीचं हलकं खोगीर घातलं, तंग एकेक भोक करून आवळला. लगाम साधा, गुळगुळीत कडीचा. मम्मी नको म्हणत होती, पण मी बसले. मला भीती वाटत होती. आबा दोर धरून पुढे चालत होते.

फाटकाशी रेवडी थांबली. पाचोऱ्याचे काका हसले, म्हणाले एक फटका द्या, कशी चालत नाही बघतो. आबांनी टोपी सारखी करायला हात वर केला, तर रेवडीने एकदम डोकं मागे घेतलं. तिला वाटलं मारणार. आबांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्यांनी दोर सैल सोडला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तसेच उभे राहिले. पप्पा म्हणाले, आबा, किती वेळ? आबा म्हणाले, तिले वाटी तवय येई, मले काय घाई शे. ऊन खूप होतं. पाचोऱ्याचे काका घड्याळ बघत होते.

खूप वेळाने रेवडीने ओठ चाटले, लांब श्वास सोडला आणि आपणहून फाटकाबाहेर पाऊल टाकलं. आम्ही तलावापर्यंत गेलो. येताना थोडी दुडकी चालवली. तिने पाठ उसळवली नाही. पप्पांनी काकांना श्रीखंड-पुरी जेवायला घातली आणि दोरीसकट परत पाठवलं.

मी उतरले. आबा घामाने भिजले होते. मी म्हटलं, आबा, तुम्ही सावलीत बसा, तिला पाणी मी पाजते. दोन महिन्यांनी बोलले ना, म्हणून माझा आवाज चमत्कारिक आला. आबा रेवडीच्या मानेत तोंड खुपसून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. रेवडी हलली नाही.

आत्ता ते विचारतायत, अक्काला काय लिहिलंस, दाखव. मी दाखवणार नाही. पाकीट चिकटवते.

तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत या, तोवर माझी आठवण काढत राहा.
तुमची किरण