आल्टोचे चार सूर

ती. मामीस,

वाकून सलाम. (वाकताना कमरेतून जो आवाज निघाला तो माझ्या गाण्यापेक्षा बरा होता, असं आमच्या हिचं म्हणणं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडचा जिना चढतेस, की तिलाच वर-खाली पळवतेस? इकडे आम्ही मजेत. म्हणजे मी मजेत; घरातले बाकीचे गेले नऊ दिवस उभ्यानं जेवताहेत, कारण जेवणाच्या टेबलावर मी मामांची गीतपुस्तकं पसरून बसलोय. पण मामी, काय सापडलंय म्हणून सांगू! घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

झालं असं, की मामा गेल्यावर दोन वर्षं आपल्या चर्चचा ऑर्गन झाकून होता, आता नव्या ऑर्गनवाल्या बाई आल्यात. बाई शिकलेल्या आहेत, हात गोड आहे (चष्मा डोक्यावर ठेवून सगळीकडे शोधतात, पण तो वेगळा विषय). त्यांनी मामांनी हातानं लिहिलेली एकसष्ट गीतं चाळली आणि म्हणाल्या, ह्या हार्मनी विचित्र आहेत, छापील पुस्तकातल्या सरळ आहेत, आपण त्याच गाऊ आणि ही पुस्तकं कपाटात ठेवू. मामांची पुस्तकं, कपाटात! माझं डोकंच फिरलं. मी सगळ्या क्वायरसमोर सांगून मोकळा झालो की ह्या विचित्रपणामागे पद्धत आहे आणि मी ती शोधून दाखवतो. पाळकसाहेब बिचारे भांडणाला घाबरतात. त्यांनी ठरवलं, येत्या रविवारी एक गीत मामांच्या पुस्तकातून गायचं. लोकांच्या कानाला पटलं तर पुस्तकं राहतील, नाहीतर कपाट.

आता तुला ठाऊकच आहे, नकाशाखात्यात मी बत्तीस वर्षं डोंगरउताराच्या रेषा काढल्या. दुसरं मला काही येत नाही. म्हणून मी प्रत्येक आवाजाचा आलेखच काढला. बायकांच्या वरच्या आवाजाच्या, सोप्रानोच्या टेकड्या, पुरुषांतल्या टेनरचे चढउतार, आम्हा तळातल्या बेसवाल्यांच्या दऱ्या, सगळं जसं असावं तसं. आणि बायकांचा खालचा आवाज, आल्टो? सपाट माळरान. गीत कुठल्याही पट्टीतलं असो, लग्नाचं असो की मातीचं, आल्टो आपली त्याच चार सुरांत येरझारा घालतेय. एकसष्ट गीतांत पाचवा सूर एकदाही नाही! वर सोप्रानोची चाल चढते तिथं कोणीही चार आवाजांची साधी कॉर्ड लावून मोकळा होईल. पण इथं आल्टो जागची हलत नाही, म्हणून टेनरला अंग चोरून बाजूला व्हावं लागतं, बेसला खड्ड्यात उतरावं लागतं, आणि त्या ओढाताणीतून अशी काही कॉर्ड निघते की अंगावर काटा येतो. चौतिसाव्या गीतातली तिसरी ओळ आठव. तिथं दर वेळी माझे डोळे भरून यायचे. इतकी वर्षं मी त्याचं श्रेय शब्दांना देत होतो.

मी लगेच बत्तीस पानी लेख लिहिला. चार सूर म्हणजे चार शुभवर्तमानं, स्थिर आल्टो म्हणजे अढळ श्रद्धा, खड्ड्यातला बेस म्हणजे पापी मनुष्य. (हे लिहिताना मला स्वतःबद्दल फार वाईट वाटलं.) बुधवारी तालमीच्या खोलीत आलेख भिंतीला टाचून मी बाईंना एक तास समजावलं. बाई भारावल्या होत्या, निदान जांभई तरी देत नव्हत्या. तेवढ्यात कोपऱ्यात दोराला गाठ मारत बसलेले घंटेवाले काका मान वर न करता म्हणाले, "तुमच्या मामींना चारच सूर लागायचे."

मामी, सगळ्या चर्चला ठाऊक होतं, एकट्या मला सोडून. लग्नानंतरच्या पहिल्या तालमीत तू पाचव्या सुरावर घसरलीस, कोणीतरी हसलं, तू उठून निघून गेलीस. आणि पंधरा दिवसांत मामांनी सगळी गीतं नव्यानं मांडून आणली, अशी की तुला कधी चुकताच येऊ नये. म्हणजे तुझ्या सोयीसाठी आम्ही जन्मभर खड्डे खणत होतो! मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, चौतिसाव्याची तिसरी ओळ तीनदा वाजवली आणि पुस्तक समोर उघडंच ठेवलं. आता त्या आमच्या बाजूच्या आहेत.

पत्र लांबलं. लेकीला आशीर्वाद, जावयांना सलाम, गुडघ्याला शेक.

तुझा भाचा,
खड्ड्यातला बेस

ता. क. खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच लिहिलं. काल रविवारची उपासना झाल्यावर तालीम घेतली, पार फजिती झाली. आमच्या तिन्ही आल्टो धड आहेत, पण चाल वर गेली की त्याही तिच्यामागे वर जातात, आणि मामांची कॉर्ड कोसळते. चार सुरांत नेटानं उभी राहणारी बाई आमच्याकडे नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. मी स्टेशनवर खुर्ची घेऊन उभा राहतो. मामा गेल्यापासून तू क्वायरच्या बाकावर बसली नाहीस, हे मला कळतं. तरी ये.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच घंटेवाले काका दारात. बुधवारी अर्धंच सांगितलं म्हणून त्यांना चैन पडेना. म्हणाले, मामा कामावर असताना तू चर्च झाडायला यायचीस आणि रिकाम्या चर्चमध्ये एकटी गायचीस. सोप्रानो, अगदी वरपर्यंत, एकही सूर न घसरता. त्या पहिल्या तालमीत तू नुसती बुजली होतीस. त्यांनी एकदा तोंडावर विचारलं, तर तू म्हणालीस, "ह्यांना सांगू नका. इतक्या हौसेनं लिहितात माझ्यासाठी."

मामी, वरचं सगळं मी खोडणार होतो. पण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेसच, म्हणून राहू दिलंय. लेखाला बुधवारनंतर जोडलेलं शेवटचं पान मात्र आत्ताच फाडून टाकलं. त्यावर मी मथळा घातला होता : आल्टोच्या आवाजाची मर्यादा.