कालवांचे शिंपले आणि मोठ्या वन्सं

प्रिय ताई,

तुझ्या पायांना नमस्कार (सूज उतरली असेल तर हात लावून, नसेल तर लांबूनच). गुडघ्याला तेल लावतेस ना? भावोजींचा खोकला कसा आहे? आम्ही सगळे बरे आहोत, आणि या वेळी हे वाक्य नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

आज सकाळपासून मला आपण दोघी कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसलेल्या दिसतो आहोत. शाळेतलं शिजवलेलं आपल्या ज्यू घरात चालायचं नाही, म्हणून डब्यात रोज उकडलेलं अंडं. तू ते पायरीवर टिचवून सोलायचीस आणि मोठा भाग मला द्यायचीस. सुट्टीवर देखरेख करणाऱ्या सिस्टर लांबूनच खुणेनं विचारायच्या, हात धुतले का? त्यांनी इतकं धुवायला लावलं, की साठी उलटली तरी काहीही हातात आलं की मी आधी धुते. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मोठ्या वन्सं दवाखान्यातून घरी आल्याचं तुला कळवलं होतं. माझ्या लग्नापासून (त्याच्याही आधीपासून) आमचं कोशेर स्वयंपाकघर, धर्माप्रमाणे काय चालतं काय नाही ते सगळं, त्यांच्या ताब्यात. मांसाची भांडी डावीकडे, दुधाची उजवीकडे, आणि मधून मीसुद्धा अंग चोरून चालायचं. ती बाई दुखण्यातून उठली ती आवाजच हरवून. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. डॉक्टर म्हणाले, पायांत काही दोष नाही, पण अशाच पडून राहिल्या तर पुढे उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. पोटात जायचं ते एकच, आपल्या अंगणातल्या कोंबडीचं ताजं अंडं. तेही आधी काचेच्या वाटीत फोडून, रक्ताचा ठिपका नाही ना हे पाहून. बाजारचं अंडं मी एकदा गुपचूप दिलं, तर त्यांनी वाटी तशीच परत सरकवली. कसं ओळखलं, देव जाणे.

आणि नेमक्या त्याच वेळी कोंबड्यांनी संप केला. म्हणजे अंडी पडायची, पण कवच कसलं, ओला कागद! उचलायला जावं तर बोट आत. उरलेली कोंबड्याच फोडून खायच्या. गल्लीतला शिंपी (याच्या कोंबड्या त्याच्यापेक्षा जास्त जेवतात) म्हणाला, कॅल्शियम कमी पडतंय. मग आमच्या ह्यांनी, चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसानं, जुन्या पेटीतले खडू कुटून घातले. कोंबड्यांनी त्या भुकटीकडे आणि ह्यांच्याकडे सारख्याच नजरेनं पाहिलं. खाद्याच्या दुकानात हाडांचा चुरा मिळाला, पण मी विचारलं, कुठल्या जनावराची हाडं? दुकानदार म्हणाला, "बाई, कोंबडी विचारत नाही, तुम्ही कशाला विचारता?" मी पिशवी तिथेच ठेवून आले. अंड्यांची टरफलं वाळवून घालावीत, तर टरफलं असती तर रडणं कशाला होतं!

शेवटी शिंपी म्हणाला, कालवांचे शिंपले घाला. ऐकूनच मला घाम फुटला. कालवं आपल्याला निषिद्ध, मग ती खाणाऱ्या कोंबडीचं अंडं? मी आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना, फोन केला. ते खूप वेळ हसले (मग खोकल्याचं निमित्त केलं) आणि म्हणाले, "कोशेर पाळायचं बंधन तुम्हाला आहे, कोंबडीला नाही. खुशाल घाला. अंडं चालेल." मला इतकं हलकं वाटलं, की तशीच चप्पल घालून मासेवालीकडे गेले आणि पिशवीभर शिंपले आणले. वाटेत प्रार्थनामंदिराच्या चिटणीसांची बायको भेटली. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि माझी तब्येत विचारली नाही.

घरी येऊन पाहते तर शिंपले घाण, आत मांसाचे तुकडे चिकटलेले. असले कोंबड्यांपुढे टाकायचे? (सिस्टर काय म्हणाल्या असत्या?) मी घरातलं सर्वांत मोठं भांडं घेतलं, शिंपले टाकले आणि स्वच्छ उकळायला ठेवले.

ते मांसाचं भांडं होतं, ताई. वन्संच्या आईचं.

वास घरभर गेला. आणि मागून आवाज आला, "कोण मेलं स्वयंपाकघरात?" वन्सं दारात उभ्या! भिंत धरून, केस मोकळे, डोळे असे की मी झाकणच हातातून टाकलं. मी म्हटलं, "वन्सं, रब्बी चालेल म्हणाले." "कोंबडीच्या पोटात चालेल म्हणाले असतील! माझ्या आईच्या भांड्यात? त्या शाळेत तुला धुवायला शिकवलं, कशात धुवायचं ते कुणी शिकवायचं?" आमचे हे मध्ये पडायला आले, तर त्यांना, "तू खडू कुट!" ताई, मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. किती दिवसांनी तो आवाज ऐकला!

रब्बी आले. भांडं पुन्हा शुद्ध व्हावं म्हणून ते पूर्ण दिवस पालथं ठेवून, मग काठोकाठ पाण्यानं उकळून, तापलेला दगड टाकून पाणी काठावरून सांडवायचं ठरलं. वन्संनी हे सगळं खुर्ची नाकारून, उभ्यानं करून घेतलं. शिंपल्यांसाठी पत्र्याचा डबा आणि हातोडा अंगणात, नळापलीकडे. आता कोंबड्यांची अंडी अशी, की वाटीच्या काठावर दोनदा आपटावी लागतात. वन्सं रोज एक खातात, कधी दुसरं मागतात.

सगळ्यांना आठवण सांग.

तुझीच,
धाकटी

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. तुमच्याकडे समुद्र आहे, तर पोतंभर शिंपले पाठव. इथे मासेवालीकडे पुन्हा गेले तर चिटणीसबाई आमच्यासाठी सामुदायिक प्रार्थना ठेवतील. पोत्यावर "लोकर" असं लिही.

आणखी एक – निघताना रब्बी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, खाद्याच्या दुकानात चुनखडीची बारीक खडी मिळते, तिनंही तेच काम होतं आणि कुणाचंच भांडं बिघडत नाही. हे वन्संना कळू देऊ नकोस. शिंपल्यांचा तो डबा मी स्वयंपाकघरात आणला नाही ना, हे पाहायला त्या रोज सकाळी अंगणापर्यंत चालत जातात. खडी आणली तर कशासाठी उठतील? तेव्हा शिंपले पाठव, आणि न धुता पाठव. वास आला पाहिजे.

शेवटचं – तुमच्याकडे येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर टोपली देते आहे. तपकिरी अंडी भावोजींना. पांढरी सुनेला, तिला दिवस गेलेत ना. जोडबलकाचं वाटतंय ते मोठं नातवाला, पण त्याच्यासमोरच फोड. आणि रुमालात वेगळं बांधलेलं लहानसं आहे, ते वन्संनी काल स्वतः वाकून खुराड्यातून काढलं. ते तुझं.