माझा मूड आणि उस्मानपुऱ्यातलं घर

मी, करुणा रामकिसन औताडे, वय त्रेपन्न, अविवाहित, धंदा वर्तमानपत्रात तिरकस लिहिणे, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर (खरेदीखतावर औरंगाबाद असलं तरी घर तेच आणि जागच्या जागी आहे), हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वतःच्या हातानं आणि कुणीही शेजारी बसून सांगत नसताना लिहून ठेवते. सोमवारी माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण बातमी कळल्यापासून माझा धाकटा भाऊ बद्रीनाथ दिवसाआड ड्रॅगन फ्रूट घेऊन येतो, त्यामुळे मला ते किरकोळ वाटेनासं झालं आहे.

कलम १. मूडविषयी.
लोक मिळकतीपासून सुरुवात करतात, मी मूडपासून करते. कारण माझ्या पश्चात कोर्टात वाद होईल तो घरावरून दिसला, तरी लढला जाईल माझ्या मूडवर. गेली दोन वर्षं बद्रीनाथ नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहितो आहे, "ताईचा मूड ठीक नसतो आजकाल. तिचं बोलणं कुणी मनावर घेऊ नये." आधी मला ही माया वाटली. मग दिवाळीत तो माझ्या थायरॉइडच्या गोळ्यांचा फोटो काढताना दिसला.

"काय चाललंय रे?"

"काय नाय ताई, नाव बघत होतो. मूडच्या हायत ना ह्या?"

बहिणीच्या गोळ्यांची एवढी काळजी आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेली नाही. माझा संशय असा, की मी गेल्यावर तो हे मेसेज आणि तो फोटो वकिलापुढं ठेवील आणि म्हणेल, बाईंचं मन ठिकाणावर नव्हतं, सबब कागद रद्द करावा.

म्हणून शब्दाचा खुलासा इथंच करते. मूड म्हणजे मनाची त्या घडीची अवस्था. ती सगळ्यांनाच असते, पण आमच्याकडं तिचं नाव माणूस बघून ठरायचं. वडिलांची असायची ती मर्जी, सगळ्यांनी सांभाळायची. पैसेवाल्या मामांची लहर. बद्रीनाथ ताट भिरकावतो, तो त्याचा स्वभाव. शेजारच्या ताहेराआपा माझा मिजाज विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. हा प्रकार मला इतका नवा होता, की पहिली काही वर्षं मी त्यांच्यावरही नजर ठेवून होते. आमच्या आईला, मनकर्णाबाईंना, यातला एकही शब्द कुणी दिला नाही. तिचं फक्त डोकं दुखायचं. ती गेली तेव्हाही दुखतच होतं.

मूड हा शब्द माझ्या वाट्याला आला. आता माझी भाची श्रेया हिच्या आला आहे.

कलम २. घर.
उस्मानपुऱ्यातलं तीन खोल्या आणि गच्चीचं घर माझ्या एकटीच्या कमाईचं आहे. वडिलोपार्जित असल्याची अफवा कोण पसरवतं ते मला ठाऊक आहे. हे घर मी श्रेयाला देते. श्रेया ही बद्रीनाथचीच मुलगी. सिल्लोडला दिली होती. नवऱ्यानं हात उचलला म्हणून मागच्या वर्षी निघून आली. बापानं तिला दारातच सांगितलं, "चार दिवस आत्याकडं राह्य. मूड ठीक झाला की जाशील परत."

श्रेया म्हणाली, "पप्पा, मूड ठीकच आहे. मी परत जात नसते."

तेव्हापासून ती माझ्याकडं आहे. घर बद्रीनाथच्या हाती गेलं, तर माझ्या तेराव्याची भांडी घासून व्हायच्या आत तिची बॅग सिल्लोडच्या बसमध्ये चढेल. ते होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

श्रेयावरही माझा संशय आहेच. आल्यापासून ती माझ्याशी एकदाही गोड बोललेली नाही. "आत्या, भाजी खारट झालीय," असं तोंडावर सांगते. घरावर डोळा असलेलं माणूस असं बोलत नाही. किंवा फारच लांबचं बघणारं असेल, तर मुद्दाम असंच बोलतं. दोन्ही शक्यता तपासल्या. भाजी खरंच खारट होती. घर तिचं.

कलम ३. बँकेतली शिल्लक.
ऑपरेशनचं बिल जाऊन जे उरेल ते श्रेयाला. आकडा लिहीत नाही. हा कागद वेळेआधी कोण कोण उघडून पाहील, याची मला कल्पना आहे.

कलम ४. माझे शब्दकोश माझा पुतण्या ऋतुराज, म्हणजे बद्रीनाथचा मुलगा, याला. (पुतण्याला नव्हे, बाईच्या भावाचा मुलगा तो तिचा भाचा, म्हणजे भाच्याला. आत्याला हे नातं नीट लिहिता येत नव्हतं, असंही उद्या कोर्टात म्हणतील, म्हणून चूक खोडलेली नाही, दुरुस्त केली आहे.) हा मुलगा आठवड्यातून तीनदा मोबाईलवर "मूड ऑफ" लिहितो. बाळा, माणूस खट्टू होतो, हिरमुसतो, कातावतो, वैतागतो, उदास होतो, खिन्न होतो. बंद पडतो तो पंखा. नेमकं काय झालंय ते शोधून लिही, निम्मं दुखणं तिथंच कमी होईल.

कलम ५. ज्या संपादकांनी "बाईंचा लिहायचा मूड गेला" असं छापून माझं सदर बंद केलं, त्यांना माझ्या श्रद्धांजलीचा लेख लिहिण्यास मनाई आहे.

कलम ६. व्यवस्थापक म्हणून वकील तनुजा यांना नेमते. त्यांनी फी आधीच घेतली, म्हणून त्यांच्यावर त्यातल्या त्यात विश्वास आहे.

कलम ७. बद्रीनाथ आणि साक्षीदार.
ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, असा तनुजाबाईंचा सल्ला. म्हणून ताहेराआपांना काही ठेवलेलं नाही. आणि बद्रीनाथला काही ठेवायचं नव्हतंच, म्हणून दुसरा साक्षीदार तो. साक्षीदारानं मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी शुद्धीत, राजीखुशीनं सही केली, एवढं त्यानं पाहायचं.

तो आत्ता बाहेरच्या खोलीत बसला आहे. मला इथं ऐकू येतंय.

"आपा, ताईचा मूड कसाय आज?"

"बहोत अच्छा है भाई. सुबह से गुनगुना रई."

"मग ठीकाय. आजच उरकून घेऊ."

तो वाचायला मागेल, तर मी कागद मुकाट्यानं त्याच्या हातात देईन आणि जे होईल ते होईल. पण इतकी फळं आणून सांभाळलेला मूड तो एका प्रश्नापायी घालवील असं वाटत नाही.

सही: करुणा रामकिसन औताडे
ठिकाण: उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

साक्षीदार १: ताहेरा सिद्दिकी, निवृत्त शिक्षिका.
शेरा: पूर्ण वाचून सही केली.

साक्षीदार २: बद्रीनाथ रामकिसन औताडे, टेंटाचा व्यवसाय.
शेरा: ताईने माझ्यासमोर राजीखुशीने सही केली. ताई पूर्ण शुद्धीवर असून डोके एकदम शांत आहे, मूड तर लई भारी. वाचायची गरज वाटली नाही.