टोपलीचं बूड

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझ्या वयालाही मी आता मागे टाकलं. आज दुपारी एक गोष्ट कळली, ती विसरायच्या आत तुला सांगावी म्हणून बसले आहे. डोक्याचं काही खरं राहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात वरणात दोनदा मीठ पडलं, मग चार दिवसांनी पुन्हा तेच. एकदा भाजी घेऊन परतताना गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, नि घर डावीकडे का उजवीकडे तेच आठवेना. बहादरपुरात, जिथं मी पन्नास वर्षं नांदले! सूनबाईनं बऱ्हाणपूरला डॉक्टरकडे नेलं. माणूस भला. म्हणाला, "माताजी, दिमाग को खाली मत बैठने दो. कुछ नया सीखो, जो पहले कभी नहीं किया." मी म्हटलं, "डॉक्टरसाब, आता मरायचं तेवढंच नवीन राहिलंय." सूनबाई खवळली. "आई, कुठंही काहीही बोलता तुम्ही!" पण रिक्षात बसल्यावर तिनं माझा हात धरला, तो घर येईस्तोवर सोडला नाही. तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

तर आता मी शिकायला जाते. आपण जन्मभर केळीचा घड उतरवला नि खोड बांधावर फेकून दिलं. त्या खोडातून आता यंत्रानं धागा काढतात, पांढरा, चमकदार. गावातल्या बायका त्याच्या वेण्या घालतात नि टोप्या, टोपल्या करतात. शिकवणारी पोरगी आपल्या फोपनार गावची, माझ्या नातीएवढी. मला शेजारी बसवते नि म्हणते, "आजी, आज तुम्हाला नवीन शिकवते हां. टोपलीचं बूड." चार वेण्या उभ्या, चार आडव्या, मधे आवळून बांधायचं, आणि मग नववी खोचायची. ती नववीच खरी. आठच ठेवल्या तर फिरणारा धागा प्रत्येक फेरीला त्याच वेण्यांवरून जातो, वीण बसत नाही, बोट लावलं की सगळं मोकळं. नऊ असल्या की आपसूक एकाआड एक होत टोपली वर चढते. हे मी आज तिथल्या एका बाईला विचारून हातावर लिहून आणलंय, म्हणून तुला एवढं नीट सांगता येतंय. मी विणते तेव्हा पोरगी म्हणते, "अरे वा, बढिया!" मी पण फुगते. घरी येऊन सूनबाईला सांगते, आज नवीन शिकले गं. ती म्हणते, "हो का आई," नि पोळी लाटत राहते.

आज पोरगी आली नव्हती. तिची बऱ्हाणपूरला परीक्षा होती. मी म्हटलं, बसून काय करायचं, खुंटीवरची माझी पिशवी मीच काढली. रोज ती काढून देते, ठेवून घेते. आत बुडं. काढत गेले नि मोजत गेले, एकवीस निघाली. सगळी सारखी, सगळ्यांना आठच वेण्या. शेजारची बाई हसली, "काकू, एवढी बुडं! दुकान टाकता का काय?" मी विचारलं, "कुणाची गं ही?" तिचं हसू तिथंच थांबलं. खाली बघत म्हणाली, "तुमचीच ना, काकू. रोजचं एक."

मी ती पुन्हा पिशवीत भरली. वरची वर, खालची खाली राहतील अशी, म्हणजे पोरीला कळायला नको. घरी आले, जेवले नाही, नि सारखी तू डोळ्यांपुढं येतेस.

इकडे मध्य प्रदेशात शाळेत मला हिंदीच शिकवली, तीही चौथीपर्यंत. मराठी वाचायला मी आपली आपण शिकले, असं मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगते. पण कशावर शिकले? रावेरकडून मराठी वर्तमानपत्रात बांधून आलेल्या किराण्याच्या पुड्यांवर. डाळ डब्यात ओतली की तू तो कागद झटकायचीस, त्यावरून गरम पाण्याचा तांब्या फिरवायचीस नि उशाखाली ठेवायचीस. "घे, तुझं पुस्तक." तुला एक अक्षर येत नव्हतं. कागद उलटा धरून द्यायचीस नि मी हसायचे.

बाबा गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा साठी उलटली होती. मतदानाला गेलो, तिथं तुझा अंगठा घेतला. घरी येईस्तोवर तू तो पदराला पुसत होतीस. संध्याकाळी म्हणालीस, "मले माझं नाव लिहाले शिकव." माझ्या धाकट्या लेकीची पाटी घेतली. तीन अक्षरांचं नाव. तीन दिवस रोज मधलं अक्षर तू विसरायचीस. चौथ्या दिवशी केळी कापणारी टोळी दारात आली होती. चौदा माणसांचा चहा चुलीवर, दूध वर येतंय, धाकटी रडतेय, नि तू चुलीपाशी पाटी घेऊन उभी. "पाय ना वं, जमलं का?" मी एकदा बघितलं नि म्हटलं, "चुकलंय माय. राहू दे आता. तुला कोण कलेक्टर करायला बसलंय?" ओला फडका पाटीवरून फिरवला. टोळीतली माणसं हसली, तू पण हसलीस. मग पाटी पिठाच्या डब्यामागे ठेवलीस नि दाराशी जाऊन बसलीस. पुन्हा काही शिकव म्हणाली नाहीस. दोन वर्षांनी तू मला विचारलंस, "बाई, तू कोनाची?"

शिकत राहिली असतीस तर ओळख राहिली असती का, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते. तसं माझ्याकडे बघितलं तर शिकूनही काय होतंय, एकवीस बुडं नि एक टोपली नाही. हे थांबणार नाही, माय. एक दिवस मीही सूनबाईला विचारीन, तू कोणाची. उद्या पोरगी येईल, म्हणेल, आज नवीन शिकवते, नि मी म्हणेन, शिकव बाई. ठाऊक असेल तर ठाऊक नसल्यासारखं करून, नाहीतर खरोखरच ठाऊक नसताना.

हा कागद कुठं टाकणार? घडी करून त्याच पिशवीत, बुडांच्या खाली ठेवीन. डोक्यातून जायच्या आधी एवढं एक लिहून टाकते, आजवर कुणाला बोलले नाही. त्या दिवशी पाटीवरची तिन्ही अक्षरं बरोबर होती. वाकडी होती, पण बरोबर होती. बरोबर म्हटलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, नि मला चहा गाळायचा होता.