ओठ मिटेपर्यंत

वसतिगृह, खोली नं. ९
दि. ४ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
ठमीचा शिरसाष्टांग नमस्कार, आणि एक गुद्दा उधार.

आईला सांग, मी वेळेवर जेवते आणि केसही विंचरते. पैकी एक खरं आहे.

सोबत एक छापील कागद पाठवतेय, 'बँडमधील विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. अकरा कलमं आहेत. सरावाला दहा मिनिटं आधी खुर्चीवर हजर. सरांचा हात वर गेला की खोकलासुद्धा बंद. रोज पाऊण तास एकट्याने वाजवायचं आणि वहीत लिहायचं. सलग तीन सराव चुकले की बँडमधून नाव कमी. अकरावं कलम ठळक अक्षरात आहे: नाव कमी झालं की वसतिगृहातली जागाही जाते. खाली बाबांची सही हवी.

तू लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस फासत असशील तेव्हा एवढं लक्षात ठेव, की तुझी बहीण ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर, म्हणजे सगळ्यांत चांगलं वाजवणाऱ्याच्या जागी बसते. नोव्हेंबरच्या स्पर्धेत सोळा मात्रा मी एकटी वाजवणार, बाकीचे चाळीस जण गप्प.

माया आहे तेवढी असू दे, वाढली तरी हरकत नाही.

तुझी
ठमी

दि. ३ सप्टेंबर

ती. स्व. दादास सा. न.

हे पत्र आई-बाबांना दाखवू नकोस. वाचलंस की फाडून टाक.

आज सकाळी चूळ भरली तर पाणी उजव्या बाजूने आपोआप गळलं. आरशात बघितलं. दादा, माझा अर्धा चेहरा खाली ओघळलाय. उजवी भुवई हलत नाही. उजवा डोळा मिटत नाही, कितीही जोर केला तरी फट राहते. खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं मी वेडावून दाखवतेय. ती हसली, मग एकदम थांबली.

ट्रम्पेट ओठांना लावलं तर नुसती हवा. ओठ मिटतच नाहीत, वाजणार कुठून? मी सर्दी झाली म्हणून तोंडाला मास्क लावलाय. आजचा सराव बुडवला. आठवड्याला दोन सराव असतात, म्हणजे अजून एक बुडवता येईल. तिसऱ्याला वाजवावंच लागेल, नाहीतर सामान बांधावं लागेल.

काय करू ते लगेच कळव. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

ठमी

दि. ६ सप्टेंबर

चि. ठमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. आमच्या कामावरच्या मिस्त्रींच्या मेव्हण्याला असंच झालं होतं. वारं लागलं म्हणतात. गरम कापडाने शेकल्यावर आठ दिवसांत तो माणूस पुन्हा बायकोशी भांडायला लागला. तूही शेक. गाल वर ओढून चिकटपट्टी लाव, बोटाने ओठ दाबून धर आणि वाजव. वाईट वाजलं तरी चालेल, पण खुर्ची सोडू नकोस.

कुणाला सांगूही नकोस. कळलं तर तुला घरी पाठवतील. आणि घरी येऊन करणार काय? आपल्या वस्तीतली फुकट शाळा आठवीला संपते, पुढची परवडत नाही. तुझ्या वर्गातल्या चौघी शिवणाच्या कारखान्यात बसल्या आहेत. काल सुटताना दिसल्या, हातात डबे घेऊन, तुझ्याएवढ्याच. मला पुढे बघवेना.

थोडे दिवस दम धर, शहाणी ना तू?

तुझाच
दादा

दि. १४ सप्टेंबर

ती. स्व. दादास सा. न.

मी सांगतेय आणि माझी मैत्रीण लिहून घेतेय. अक्षर चांगलं दिसलं तर श्रेय तिचं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. शेकलं, पट्टी लावली. तिसऱ्या सरावाला मास्क खाली ओढून वाजवायला गेले. फुटक्या नळीसारखी हवा सुटली आणि लाळ स्वरांच्या कागदावर सांडली. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. जवळ येऊन मला मास्क काढायला सांगितला. पट्टी बघितली. मग बँड तसाच सोडून मला स्वतः रुग्णालयात घेऊन गेले.

चेहऱ्याची नस सुजलीय. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तीन दिवसांत आली असतीस तर औषधाचा चांगला उपयोग झाला असता. आता देऊ, पण खात्री नाही. त्याहून वाईट म्हणजे डोळा. मिटत नसल्यामुळे तो कोरडा पडला आणि बुबुळावर जखम झालीय. दोन दिवस उजेड सुईसारखा टोचत होता, मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता पट्टी बांधलीय. नजर किती उरेल ते आठवड्याने कळेल.

डॉक्टरांनी चिडून विचारलं, गप्प बसायला तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणीच नाही.

घरी काय सांगायचं ते तूच ठरव. मला सुचत नाही.

ठमी

दि. १७ सप्टेंबर

चि. ठमे,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही.

तुझं पत्र जिन्यातच वाचलं. मग घरात जाऊन सगळं सांगितलं. तुझी पत्रं वाचून दाखवली, फाडायला सांगितलेलंही; माझ्या पत्रात मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईने पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि निघाली. मी बरोबर येतो म्हटलं तर म्हणाली, तू नको. ठमे, ती मला आयुष्यात असं कधी बोलली नव्हती. हे पत्र पोचायच्या आधी ती तुझ्याजवळ पोचेल.

सरांनाही लिहिलंय. पोरीने काही लपवलं नाही, मी लपवायला लावलं, शिक्षा द्यायची तर मला द्या. मला कसली शिक्षा देणार ते? मी तर त्यांच्या बँडमध्येही नाही.

रोज दहा मजले वर-खाली करतो. माणसं सुखरूप उतरावीत म्हणून एकेक दोर हाताने तपासतो, आणि तुला मात्र न तपासता सल्ला दिला. मिस्त्रींना काल पुन्हा विचारलं, तर त्यांचा मेव्हणा पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेला होता. मी तेवढंच विचारायचा राहिलो.

डोळ्याचं काय ते एका ओळीत कळव. दुसरं काही लिहू नकोस.

दादा

दि. २३ नोव्हेंबर

ती. स्व. दादास सा. न.

एका ओळीची चार पत्रं पाठवली, आता हे मोठं.

डोळा वाचला. उजव्या बाजूला धुक्यासारखं थोडं दिसतं, ते तसंच राहील म्हणतात. चेहरा हळूहळू वर सरकतोय. भुवई आली, गाल येतोय.

सर आईसमोर बसून म्हणाले की अकरावं कलम त्यांनीच लिहिलं होतं, आळशी मुलांना धाक बसावा म्हणून. तो कागद वाचून एखादी मुलगी गाल चिकटवून येईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते मुख्याध्यापकांशी भांडले. माझी वसतिगृहातली जागा राहिली. आजारी मुलांना ते कलम आता लागू नाही.

पहिली खुर्ची मात्र गेली. स्पर्धेत माझ्या सोळा मात्रा दुसऱ्या खुर्चीवरच्या मुलीने वाजवल्या आणि मी शेजारी बसून तिची पानं उलटली. ती चुकावी असं मला मनापासून वाटत होतं. ती चुकली नाही. आमचा तिसरा नंबर आला. सगळे नाचत होते तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. कोरड्या डोळ्यातूनही पाणी आलं, हे डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले!

सर आता मला रोज फक्त ट्रम्पेटचं तोंड काढून तेवढंच फुंकायला देतात. काल दोन मात्रा आवाज टिकला. बदक चिरडल्यासारखा होता. सर म्हणाले, पुन्हा. जानेवारीत खुर्च्यांची परीक्षा आहे. मी शेवटच्या खुर्चीसाठी नाव दिलंय.

दादा, तुझ्यावर माझा राग आहे. सकाळी डोळ्यात थेंब घालताना रोज येतो. पण घरात तू स्वतः उभं राहून सांगितलंस, हे आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना तिचा हात माझ्या डोक्यावर होता.

पुढच्या रविवारी ये. आईला विचारू नकोस, सरळ ये. मी हसले की अजून अर्धीच हसते. बघून दचकशील. दचकलास तरी चालेल, फक्त तोंड फिरवू नकोस.

वाट बघणारी
ठमी