बुडबुड्यांची जबाबदारी

२ एप्रिल. संध्याकाळ.
सीमंतिनी मॅडमनी आज मला स्वतंत्र काम दिलं. २६ तारखेला आमच्या हॉटेलच्या लॉनवर दिनकरराव आणि शामलाताई यांच्या लग्नाची पन्नाशी. त्यांच्या मुलीला स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनचा टोस्ट हवा आहे: सगळ्यांनी एकदम ग्लास उंचावायचे. पाहुणे एकशेवीस. ग्लास निवडायचे मी, ओतून घ्यायची मी. नीट झालं तर एक मेपासून पर्मनंट. प्रोबेशन म्हणजे काय ते सहा महिने बाबांना समजावतेय. ते विचारतात, म्हणजे नोकरी लागली की नाही?
वाइन मी चाखलेली नाही, चाखणारही नाही. त्यावाचून अडणार नाही. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. नीट वाचलं की सगळं जमतं.

३ एप्रिल.
आईने विचारलं, काम कसलं? द्राक्षांचा रस आहे, फ्रान्सच्या पद्धतीचा, असं सांगितलं. हे खोटं नाही. आधी रसच असतो.

६ एप्रिल. सकाळ.
इतिहास संपवला. टिपणाची तीन पानं तयार. बुडबुडे एका फ्रेंच साधूने शोधले असं लोक समजतात. खरं तर तो बिचारा ते घालवायच्या मागे होता! वाइन बाटलीत पुन्हा आंबायची, तळघरात बाटल्या फुटायच्या. पुढे तर कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून आत जायचे. आणि मग लोक त्या दोषालाच जास्त पैसे देऊ लागले. साधूबद्दल फार वाईट वाटलं. मन लावून काम करणाऱ्याचं असंच होतं.

८ एप्रिल.
ग्लास तीन प्रकारचे. पसरट: गॅस लगेच उडतो, बाद. (त्याच्या मापाबद्दल एका राणीची चावट गोष्ट सांगतात. ती खोटी आहे, पण खरी असती तरी टिपणात घातली नसती. टिपण मॅडमच्या टेबलावर उघडं पडणार.) उंच, अरुंद फ्लूट: बुडबुडे टिकतात, वास कोंडतो. ट्यूलिप: पोट थोडं फुगीर, तोंड निमुळतं, दोन्ही साधतं. ट्यूलिपच. दिल्लीहून मागवले.
मॅडमनी टिपणाचं पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "बरं, मग ग्लास कुठले?" ते चौथ्या पानावर होतं.

१३ एप्रिल.
घरी चैत्रातलं हळदीकुंकू. आई दरवर्षीप्रमाणे दुपारीच पन्ह्याचे चाळीस पेले भरून, वर बश्या झाकून मोकळी झाली. एकाही बाईला थांबावं लागलं नाही. व्यवस्थापन म्हणतात ते हेच. नोंद करून ठेवते.

१७ एप्रिल.
पार्सल आलं. ट्यूलिप नाहीत, फ्लूट! अकरा फुटलेले. दुकानदाराला फोन केला. म्हणे, "मैडम, वही माल है, बस पेट नहीं है." परत पाठवायला वेळ नाही. पुन्हा वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, लॉनसाठी फ्लूटच योग्य. मनात माझी पहिली पसंती तीच होती. अकरा ग्लास बारमधून मिळतील.
सरावासाठी एक घरी आणला. आईने घासायला घेतला, हात आत जाईना. म्हणाली, "हात जात नाही त्या भांड्यात प्यायचं कशाला गं शिखे?" हिला इतिहास कसा सांगणार?

२१ एप्रिल.
पाण्याने तालीम केली. फेस बसायला थांबावं लागतं, म्हणून एका ग्लासाला चाळीस सेकंद धरले. मी आणि आणखी एक जण, दोघांनी एकशेवीस: चाळीस मिनिटं. पाहुणे चाळीस मिनिटं उभे राहणार?
बारमधला यशोधन म्हणाला, "अगं यार, सब खड़े हो जाएँ तब खोलना. मॅडमकडे सहा वेटर माग, दहा मिनिटांचं काम आहे." सहा वेटर मागितले तर मला जमत नाही असं मॅडमना वाटेल. शिवाय तो बारावी नापास, आणि त्याने संदर्भ दिला नाही.
आईला नुसतं विचारलं, रस वेळेवर कसा पोचवू? ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "आधी ओतून ठेव, वर बश्या झाक. एवढं शिकलीस आणि हे मी सांगायचं?"
ठरलं. संदर्भ: १३ एप्रिल.

२६ एप्रिल. ६.१०.
झालं! एकशेवीस ग्लास, चार ओळी, प्रत्येकावर बशी. टोस्ट पावणेसातला, मी पस्तीस मिनिटं आधी तयार. मी अजिबात घाबरलेली नाही. उकाडा एक्केचाळीस. बुडबुडे जरा कमी दिसतायत. बशीमुळे स्थिरावले असणार.

२७ एप्रिल.
टोस्ट साडेसातला झाला. जावयांचं भाषण लांबलं, यात माझा दोष नाही.
एकशेवीस बश्या काढल्या. एकाही ग्लासात काही हलत नव्हतं. मुलगी आपला ग्लास दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. दिनकररावांनी मात्र घोट घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "छान आहे हो द्राक्षाचं सरबत! साखर तेवढी कमी पडलीय." शामलाताईंनी सगळ्यांसमोर मला जवळ बोलावून पाठीवर थोपटलं. ते सगळ्यात वाईट.
बश्या गोळा करताना यशोधन म्हणाला, "तुझ्या त्या साधूबाबाला जिंदगीभर जमलं नाही ते तू सव्वा तासात करून दाखवलंस." हिशेबाने एक तास वीस मिनिटं होती.

३० एप्रिल.
पत्र मिळालं. प्रोबेशन आणखी तीन महिने. उद्यापासून ताकाच्या काउंटरवर. टिपणही परत आलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पानाची घडी मी घातली होती तशीच आहे.
घरी आल्यावर बाबांनी काही विचारलं नाही. फ्लूट देवघरात होता, त्यात उदबत्ती. आईने विचारलं, "लोकांना आवडला का गं रस?"
यजमानांनी छान म्हटलं, असं सांगितलं. साखर तेवढी कमी पडली.
हे खोटं नाही.