माघारी घेतलेला नारळ

ती. हिंमतमामा यांस,

भाचा रणधीर याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आम्ही धडधाकट आहोत. तिकडं तुमचा गुडघा, मामी आणि नवी म्हैस या तिघांची तब्येत ठीक असावी. (गुडघा आधी लिहिला म्हणून मामींनी राग मानू नये.) तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कागद घेतला. काम काही नाही. पण काल मुरुमला जे बघितलं त्यानं माझी वाचा बसलीय, आणि मी गप्प आहे हे ऐकून तुमचीही बसेल.

मोठ्या मावशीच्या बलभीमदादाला मुरुमचं स्थळ आलंय हे तुमच्या कानावर असेलच. मावशी म्हणाली, आधी पोरंपोरं बघून या. आता दादाच्या कातडीत जन्मापासून रंगच नाही, केस आणि पापण्यासुद्धा कापसासारख्या, ऊन लागलं की डोळे बारीक करतो, हे आपल्याला रोजचंच. मध्यस्थानं मात्र पोरीकडं 'पोरगा जरा उजळ हाय' एवढंच सांगितलेलं. (खोटं न बोलता एवढं खोटं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.)

सास्तूरला काळी-पिवळी जीप थांबली. ड्रायव्हरनं दादाला बघितलं, पुढच्या सीटवरच्या दोघांना मागं पिटाळलं, गमज्यानं सीट पुसली आणि 'बसा सायेब' म्हणाला. मी मागं, एका शेळीशेजारी. (शेळी शांत होती. मागं एकदा येडशीला जाताना जी शेळी भेटली तिनं माझ्या शर्टाचं, पण ते जाऊ द्या.) पँटशर्टातले एक गृहस्थ इंग्रजीत विचारू लागले, कंट्री कोणती, इंडिया कसा वाटतोय. दादा म्हणाला, "आवो, मी हितलाच, सास्तूरचा. रानात खत टाकायचं राहिलंय अजून."

मामा, जीप चालू असून बंद पडल्यागत झाली. मग एका बाईनं 'अरारारा' करून दादाच्या सीटमागं उभं असलेलं लेकरू ओढून घेतलं. इंग्रजीवाले मराठीत आले आणि म्हणाले, याच्या आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. कुणी बावचीचं तेल लावायला सांगितलं, कुणी गोमूत्र. पुढच्या फाट्यावर ड्रायव्हर म्हणाला, "ए भुऱ्या, मागं सरक." माणूस तोच, सीट तीच, फक्त त्याचं गाव कळलं. शेळीनं तेवढं दादाकडं आधी जसं बघितलं तसंच नंतरही बघितलं.

मुरुमला उतरलो तर कबड्डीचा मांडव. (कबड्डी दिसली की माझे पाय माझं ऐकत नाहीत, तेव्हा तिकडं वळलो त्यात माझी चूक धरू नये.) उद्घाटनाचे पाहुणे आलेच नव्हते आणि खेळाडू मांड्यांना माती चोळून दमले होते. तेवढ्यात संयोजकांना दादा दिसला. काही कळायच्या आत दादा स्टेजवर! माईकवरून 'सातासमुद्रापलीकडून आलेले पाव्हणे' अशी आरोळी. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं टिळा लावला, फेटा बांधायला लावला, शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या थांबेनात. 'टू वर्ड, सर' म्हणत माईक तोंडाशी धरला. दादानं हात जोडले. "मी बलभीम, सास्तूरचा. तुमच्या गावच्या अमरनाथरावांची पोरगी बघायला आलोय. त्यांचं घर कुठं हाय?"

अख्ख्या मांडवाच्या माना अध्यक्षांकडं वळल्या. अमरनाथराव म्हणजे तेच!

त्यांनी दादाकडं नीट बघितलं आणि, मामा, विश्वास ठेवा, हातातला नारळ काढून घेतला. शालही ओढली. म्हणे खऱ्या पाव्हण्यांना लागेल. फेटा पिना मारल्यामुळं निघेना, तेवढा राहिला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. दादा पायऱ्या चाचपत खाली आला आणि म्हणाला, "चल घरी. परत कुठं बघायला म्हणून यायचो न्हाय मी." आणि हा माणूस सकाळी आरशापुढून हलत नव्हता!

पण बायकांच्या बाजूनं अमरनाथरावांची आई, प्रेमाबाई, उठली. तिला माईक लागत नाही.

"अमरनाथ! टिळा कुणी लावला? शाल कुणी घातली? नारळ कुणी दिला?"

"आई, त्यो सत्कार व्हता."

"पोरीच्या बापानं पोराला टिळा लावून नारळ दिला की आपल्यात त्याला सोयरीक म्हणत्यात! गावादेखत जुळवलीस, आता गावादेखत मोडतूस व्हय?"

गाव लगेच दोन्ही बाजूंनी बोलू लागलं. (कबड्डीपेक्षा हे बरं वाटलं असावं.) तेवढ्यात हर्षाली, म्हणजे जिला बघायला आलो ती, पुढं येऊन म्हणाली, "आज्जे, आदी त्यास्नी इचार की, आपुन पसंत हाव का." मग दादाला म्हणाली, "फेटा वाकडा बांधलाय तुमचा. पर बोललात सरळ. नारळ का सोडला एवढ्या सहज?"

दादा म्हणाला, "ते वढत हुते. तुमच्या वडलांसंगं हिसकाहिसकी बरी दिसंना."

ती हसली. दादाला लांबचं दिसत नाही, म्हणून त्यानं चार पावलं जवळ जाऊन, वाकून तिच्याकडं बघितलं, आणि मान हलवली. मांडवात बायकांचा असा गलका झाला की शिट्टीवाला पळाला.

अमरनाथरावांना नारळ पुन्हा द्यावा लागला. पण अट घातली, पोरंपोरं आल्यानं सोयरीक होत नसते, येत्या गुरुवारी सुपारी फोडायला तुमच्याकडचं मोठं माणूस आमच्या दारात पाहिजे. ते आलं नाही, तर नारळ माघारी घेऊ आणि आईलाही बोलू देणार नाही.

सर्वांना नमस्कार, म्हशीला गूळ.

तुमचा,
रणधीर

ता. क. शेळी शांत होती असं वर लिहिलंय. मामींनी मला दिलेली कापडी पिशवी मात्र जीपमध्ये तिनंच खाल्ली.

ता. क. दुसरा. काम काही नाही असंही लिहिलंय, तेही खोटं. मावसोबा राहिले नाहीत, आपल्यात मोठे तुम्हीच. गुरुवारी या. वैदेहीताईच्या लग्नात 'तू मागं ऱ्हा, तुझ्यामुळं फोटो पांढरा पडतो' असं तुम्ही दादाला बोलला होतात, ते तो विसरलाय म्हणतो. म्हणजे विसरलेला नाही.

ता. क. तिसरा. लग्नात मंगलाष्टकांना नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायची रीत आहे. दादा पुढं, तुम्ही मागं. फोटो पांढरा पडला तर पडू द्या.